शेऱ्याचा रकाना

पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागला तेव्हा मी दोन्ही हात वर केले. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या पिंजऱ्यात, पण दरोडा काही वाट्याला आला नाही. हात वर करायचा योग निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरात, बनियनवर बसलेलो असताना आला. "काका, माउस सोडा. आता मी बघते," एवढंच पुतणी फोनवर म्हणाली होती. ती जर्मनीत स्टुटगार्टला, मी कराडला. बाण वर गेला, कोपऱ्यात जरा थबकला आणि मी जन्मात न पाहिलेला एक खण उघडून आत शिरला. मागे उभी राहून ही बघत होती. हलक्या आवाजात म्हणाली, "अंगात आलंय का हो त्याच्या?" आणि मी काही बोलायच्या आत, "विचारा की, कोण आहे म्हणून."

पुढचे दोन महिने हाच प्रश्न मी निरनिराळ्या विक्रेत्यांना विचारत फिरणार होतो, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

झालं असं की, पुतणीने दुरुस्त केलेल्या संगणकाचं श्रेय गावात मला मिळालं. तालुक्याच्या गावात बातमी अशीच फिरते. निघते तेव्हा पुतणीची असते, पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत काकांची होते. आठवड्याभरात आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत, त्यांचं विंडोज १० म्हातारं झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल थांबवली आणि विंडोज ११ ला हे संगणक पेलवत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने थोडे पैसे दिलेत. तीन कोटेशनं आलीत. "तुम्ही बँकेतले, शिवाय तुम्हाला त्यातलं कळतं. तेवढा तुलनात्मक तक्ता करून द्या."

तुलनात्मक तक्ता! हा शब्द कानावर पडला आणि निवृत्त माणसाच्या अंगात पुन्हा रक्त खेळू लागलं. पंखे, खुर्च्या, वॉटर कूलर, कॅश मोजायची मशिनं, या सगळ्यांचे तक्ते मी केलेत. अनुक्रमांक, विक्रेत्याचं नाव, दर, कर, एकूण, मुदत आणि सगळ्यात शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहिलं : 'दर वाजवी वाटतात.' त्याचा अर्थ कोणी विचारला नाही आणि आम्हीही सांगितला नाही.

पण हा तक्ता सरळ नव्हता. तिन्ही कोटेशनं तीन वेगळ्याच गोष्टींची होती. पहिला म्हणत होता, संगणक आहेत तिथेच ठेवा, आम्ही दुरून चालवू, दुरुस्त करू. शिक्षकही घरून शाळेचा संगणक उघडतील. दुसरा म्हणत होता, एक दणकट सर्व्हर घ्या, बाकी वीस टेबलांवर नुसते पडदे आणि कळफलक ठेवा. तिसऱ्याचं म्हणणं, शाळेत काही ठेवूच नका, संगणक क्लाउडमधून महिन्याच्या भाड्याने आणा. तिघांच्याही पत्रावर वर ठळक अक्षरात 'सोल्यूशन' लिहिलेलं होतं. प्रॉब्लेम काय, हे मात्र तिघांपैकी एकानेही बाईंना विचारलं नव्हतं.

मी पुतणीला फोन लावला. तिथली सकाळ, तिच्या ऑफिसची घाई. तरी तिने नेटकं सांगितलं. "काका, पहिला प्रकार रिमोट ॲक्सेस. घर तुमचं, सामान तुमचं, फक्त दूरचा माणूस खिडकीतून हात घालतो. दुसरा आणि तिसरा व्हर्च्युअलायझेशन. त्यात घरच तिकडे जातं आणि तुमच्या टेबलावर नुसती खिडकी राहते."

ती सांगत होती संगणकाचं, मला मात्र माझं लेजर आठवत होतं. मी बँकेत लागलो तेव्हा खातेदारांचे हिशेब जाडजूड बांधणीच्या लेजरांत असत आणि ती लेजरं माझ्या टेबलावर असत. रात्री ती कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि थोड्या वर्षांनी लेजर पोस्टिंगची मशिनं शाखांमध्ये उतरली. तेव्हाही हिशेब शाखेतच होता, फक्त कागदावरून मशिनीत गेला होता. मग कोअर बँकिंग आलं आणि एका शनिवार-रविवारात आमची सगळी खाती उठून कुठल्याशा डेटा सेंटरला राहायला गेली. सोमवारी सकाळी टेबलावर उरला तो पडदा. खातेदार पूर्वीसारखेच माझ्यापुढे वाकून आपल्या पैशांची चौकशी करत. त्यांना वाटे, पैसे माझ्या खणात आहेत. माझ्या खणात टाचण्या होत्या.

त्या व्यवस्थेने बँकेला वेग दिला, ग्राहकाला कुठल्याही शाखेतून पैसे काढायची मुभा दिली आणि मराठी भाषेला एक वाक्य दिलं : 'सर्व्हर डाऊन आहे.' ह्या वाक्यापुढे कलेक्टरही हतबल आणि भाजीवालाही. तीन शब्दांत एवढी समता संतांनंतर कोणी आणली नसेल.

म्हणजे ही कल्पना मला नवी नव्हती. पुतणी म्हणाली, "तुम्हालाच काय, जगालाही नाही." मग तिने पाठवलेलं मी वाचत बसलो. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांचा मेळावा भरला होता. जॉर्ज स्टिबिट्झ नावाच्या संशोधकाने तिथे एक टेलिटाइप यंत्र मांडलं. त्यावर गणित टंकायचं, ते तारेने न्यूयॉर्कला जायचं आणि तिथे टेलिफोनच्या रिले जोडून केलेलं गणनयंत्र उत्तर पाठवायचं. म्हणजे संगणकाला धड संगणक म्हणायचीही पद्धत पडली नव्हती, तेव्हा माणूस एका गावी आणि यंत्र दुसऱ्या गावी असा संसार सुरू झाला होता. पुढे ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने दीड तासाचं एक प्रात्यक्षिक केलं. हातात माउस, समोर पडदा आणि संगणक सुमारे पन्नास किलोमीटर लांब मेनलो पार्कला. माझ्या घरात जो बाण अंगात आल्यासारखा फिरत होता, त्याचं घराणं थेट तिथपर्यंत पोचतं. आणि योगायोग असा की त्याच १९६८ साली मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी शहरं झाली. त्या नात्याने पुतणी म्हणजे मावशीकडेच राहायला गेलीय, असं हिचं मत पडलं.

दूरस्थ दुरुस्तीच्या धंद्याचं गावही तेच निघालं. टीमव्ह्यूअर २००५ सालचं, स्टुटगार्टपासून जवळच्या ग्योपिंगेनचं. एनीडेस्क २०१४ सालचं, खुद्द स्टुटगार्टचं. दोघांची रीत सारखी. तुमच्या संगणकाला एक लांबलचक आकडा मिळतो, तो दुसऱ्याला सांगायचा, त्याने तो टाकायचा, तुम्ही 'स्वीकारा'वर बोट ठेवायचं, की झालं. दोन्ही संगणक आपापल्या घरच्या राउटरमागे दारं लावून बसलेले असतात, एकमेकांचा पत्ता त्यांना माहीत नसतो. मग मध्ये कंपनीचा सर्व्हर असतो. दोघेही त्याच्याकडे नाव नोंदवतात आणि तो गाठ घालून देतो. हे ऐकल्यावर ही म्हणाली, "म्हणजे वधू-वर सूचक मंडळच की." अगदी तेच. आणि मंडळासारखंच इथेही घरगुती वापराला सवलत, पण धंद्यासाठी, संस्थेसाठी वापरायचं तर वर्गणी. क्रोम रिमोट डेस्कटॉप गूगलच्या खात्यावर फुकट चालतं, पण शाळेचे वीस संगणक एका ठिकाणाहून सांभाळायची सोय त्यात तोकडी. रस्टडेस्कसारख्या मुक्त प्रणालीत तर मध्यस्थाचा सर्व्हरही आपला आपण उभा करता येतो. म्हणजे मंडळच घरचं. मात्र ते चालवायला घरात एक उत्साही आत्या लागते.

बाण मध्येच का थबकतो, हेही कळलं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण स्टुटगार्टहून समुद्राखालून कराडपर्यंत येऊन परत जायचं म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. पुतणीने क्लिक केलं, ते इथे पोचलं, इथलं बदललेलं चित्र तिकडे गेलं, मग तिचा पुढचा क्लिक. तेवढ्यात आम्हा दोघांना इकडे वाटतं, पोर विचार करतेय.

चित्र पाठवायच्याही दोन तऱ्हा आहेत. नव्वदच्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत व्हीएनसी जन्मलं. हो, तीच टाइपरायटरवाली ऑलिव्हेट्टी. व्हीएनसीचा स्वभाव सरळ. पडद्यावर जिथे बदल होईल तिथला चौकोन कापायचा आणि चित्र म्हणून पाठवून द्यायचा. त्यामुळे ते कुठल्याही यंत्रावर चालतं. मायक्रोसॉफ्टची आरडीपी पद्धत मूळची निराळी : चित्र पाठवण्याऐवजी ते कसं काढायचं, ते सांगायचं. इथे रेघ ओढ, इथे खिडकी काढ, इथे ही अक्षरं लिही. एक जण रांगोळीचा फोटो पाठवतो. दुसरा निरोप धाडतो, 'सात ते सात ठिपके, मधून जोडत या.' निरोप हलका, लवकर पोचतो. पण पलीकडच्याला रांगोळी येत असावी लागते. आता काळ बदललाय, आरडीपीही गरजेप्रमाणे चलच्चित्रासारखं चित्र पाठवते. तरी आमच्या संगणक शिकवणाऱ्या सरांना हा फरक मी ठिपक्यांवरूनच समजावला आणि त्यांनी वहीत ठिपके काढून घेतले.

दुसऱ्या कोटेशनात खरी मेख होती. एक सर्व्हर आणि वीस मुलं, हे दोन प्रकारांनी होतं. एक, सर्व्हरवर एकच विंडोज किंवा लिनक्स आणि सगळी मुलं त्यातच आपापल्या नावाने बसलेली. हे एकत्र कुटुंब. चूल एक, पाणी एक, खर्च कमी. पण एका पोराने मोठा व्हिडिओ लावला की साऱ्या घराचा चहा थंड. दुसरा प्रकार, सर्व्हरच्या पोटात प्रत्येकासाठी आख्खा वेगळा आभासी संगणक. हे फ्लॅट. दार लावलं की शेजाऱ्याच्या घरात काय जळतंय याच्याशी देणंघेणं नाही. मात्र प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघर लागतं, तेव्हा इमारत मोठी, म्हणजे सर्व्हर महाग. फ्लॅटसंस्कृतीसारखीच हीही नवी नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० काढून एका अजस्र यंत्रात अनेक यंत्रं नांदवली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने तोच खेळ साध्या पीसीवर आणला. एकत्र कुटुंबाचा धंदा आयबीएममधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८९ साली सिट्रिक्स काढून सुरू केला आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. मात्र मायक्रोसॉफ्टच्या घरात एकत्र राहायचं ठरवलं, तर कुटुंब एक असलं तरी परवाना माणशी, नाहीतर यंत्रामागे एक लागतो. केटररला घराण्याची एकी सांगून उपयोग नसतो, तो ताटं मोजतो.

ताट मोजायचं नसेल तर लिनक्स. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट १९९९ पासून चालू आहे. त्यात टेबलावरच्या संगणकाला हार्ड डिस्कही लागत नाही. तो नेटवर्कवरून उठतो, नेटवर्कवरच झोपतो. आपल्या देशातल्या शाळांनी असले प्रयोग पूर्वीही केलेत. आयसीटी लॅबमध्ये एका संगणकात कार्ड बसवून त्याला आणखी पाच-सहा पडदे जोडलेले पुष्कळ शिक्षकांनी पाहिले असतील. आमच्यासाठी यातली मोलाची गोष्ट एवढीच की, विंडोज ११ न पेलवणारे वीस म्हातारे संगणक अशा व्यवस्थेत पडदा धरून आरामात बसू शकतात. अंगमेहनत सर्व्हरची, म्हाताऱ्यांनी फक्त दारात बसून आल्या-गेल्याशी बोलायचं. निवृत्त माणूस म्हणून मला हे फार पटलं.

तिसरं कोटेशन ढगांचं. कराडकरांना ढगांचं अप्रूप नाही. कोयनेच्या खोऱ्यात ते चार महिने मुक्कामाला असतात आणि फुकट बरसतात. हे ढग मात्र बारा महिने बिल पाठवतात. ते असतात कुठे, म्हणून शोधलं तर निघाले पुण्यात! मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या क्लाउडची भारतातली केंद्रं उघडली, त्यातलं एक पुण्याचं. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ चं. म्हणजे 'क्लाउडमध्ये आहे' याचा अर्थ आमच्या बाबतीत, हमरस्त्याने तीन-चार तासांवर कुणाच्या तरी इमारतीत आहे. भाड्याच्याही दोन रीती. २०२१ साली आलेलं विंडोज ३६५ म्हणजे दुधाचा रतीब : माणशी, महिन्याला ठरलेले पैसे, दूध प्यायलात किंवा मांजराला घातलंत तरी. अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे मीटरची रिक्षा : वापराल तेवढं द्या, पण उतरल्यावर मीटर बंद करायला विसरलात तर रिक्षा रात्रभर दारात आणि सकाळी आकडा बघून घेरी. शाळेला मे महिना असतो, दिवाळी असते, गणपती असतात. रतीबवाल्याला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सर, पॉलिसी नाही." शिवाय भाड्याच्या घरात मालक बदलायची धास्ती असतेच. २०२३ च्या शेवटी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यातला आभासी डेस्कटॉपचा भाग ऑम्निसा नावाने वेगळा झाला. भाडेकरू तिथेच, पाटी नवी.

ऑफिसांना हे सारं परवडतं आणि लागतंही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या समोरच्या घरातला मुलगा हिंजवडीहून कराडला आला. काही सहकाऱ्यांचे संगणक कंपनीने टेम्पोत घालून घरी पोचवले, ह्याचा मात्र ऑफिसातच राहिला. हा इथे माडीवर बसून तिथला संगणक चालवी. कागदपत्रं, ग्राहकांची माहिती, सगळं कंपनीच्या आवारात. इकडे येई ते फक्त चित्र. घरचा लॅपटॉप हरवला तरी कंपनीचं काही हरवत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. एके दिवशी त्याचा संगणक उठेना. नेटवर्कवरून जागं करायची सोय असते, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते आणि ती कोणी ठेवली नव्हती. मग त्याने फोन केला तो वॉचमनला. रिकाम्या सहा मजली इमारतीत तो एकटा वर चढला, दिव्याचं बटण शोधलं, तिसऱ्या रांगेतला चौथा संगणक मोजला आणि बटण दाबलं. पोराने इकडे माडीवर टाळी वाजवली. पुढे तो म्हणे, आमच्या टीममध्ये तेरा इंजिनिअर आणि एक वॉचमन.

शाळेची गरज निराळी. तिथे दूरचा हात कमी लागतो, जवळचा डोळा जास्त. त्यासाठी व्हेयॉनसारखी मुक्त प्रणाली आहे. शिक्षकाच्या पडद्यावर साऱ्या मुलांचे पडदे छोट्या छोट्या चौकटींत दिसतात. एक बटण दाबलं की सगळे पडदे कुलूपबंद, 'इकडे लक्ष द्या.' सर हे पाहून हरखले. मी मात्र जरा हिरमुसलो. मी शेवटच्या बाकावर वाढलेला माणूस. हेडमास्तरांचं चित्र मी त्याच बाकावर काढायला शिकलो. बँकेत ऑडिटर पाठीमागे येऊन उभा राहिला की बरोबर असलेली बेरीजही चुकायची, हे मी अनुभवलंय. शेवटी आम्ही एवढंच ठरवलं की, सर पडदे बघतात हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायचं आणि फळ्यावर लिहून ठेवायचं. चोरून बघायचं नाही. बघणाऱ्याने आधी घसा खाकरावा, ही जुन्या वाड्यातली रीत वाईट नव्हती.

दूरच्या हाताचं भलं रूप पाहायचं तर आयआयटी मुंबईचा एक प्रयोग आहे. एका छोट्या पाटीवर हीटर, पंखा आणि तापमापक. देशातल्या कुठल्याही कॉलेजातला विद्यार्थी इंटरनेटवरून तो हीटर तापवतो, पंखा फिरवतो, तापमान काबूत ठेवायला शिकतो. यंत्र पवईला, चटका आपल्या गावी.

आणि चटक्याचं वाईट रूप आमच्याच गल्लीत आलं. शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त गुरुजींना मेसेज आला, 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल.' त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा फार गोड बोलला. हे ॲप घ्या, पडद्यावर आकडा दिसेल तो सांगा. गुरुजी माझ्याकडे आले ते फोन कानाला लावूनच. "अहो, हा आकडा विचारतोय आणि माझा चष्मा सापडत नाहीये. जरा वाचून दाखवता का?" मी आकडा पाहिला आणि फोन बंद केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन नेमक्या याच युक्तीबद्दल बँकांना सावध केलं होतं, ते परिपत्रक माझ्या हातून गेलेलं. दोष त्या ॲपचा नाही. हातोडीने कुलूपही दुरुस्त होतं आणि फुटतंही. पण त्या दिवशी गुरुजींची पेन्शन वाचली ती हरवलेल्या चष्म्यामुळे. त्यांना १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तो त्यांनी मीटरजवळच चिकटवला.

त्या रात्री मला बँकेची तिजोरी आठवली. तिला दोन किल्ल्या असत. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं समोरासमोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणत. यात अविश्वास कोणावरच नव्हता. मॅनेजर देवमाणूस, हेड कॅशियर वारकरी. पण नियम म्हणजे नियम. पुतणीच्या हाताला माझ्या संगणकात शिरायला माझं बोट लागतं, ही जॉइंट कस्टडीच. आता पहिल्या कोटेशनवाल्याचं पत्र पुन्हा वाचलं, तर आत बारीक अक्षरात होतं, 'कायमचा पासवर्ड देऊन ठेवल्यास रात्री-अपरात्रीही दुरुस्ती शक्य.' म्हणजे दोन्ही किल्ल्या ह्याच्याच खिशात. मी समासात लाल शाई केली.

तक्ता झाला. ठरलं ते असं : सर्व्हर शाळेतच, लिनक्सवर. जुने संगणक पडदे म्हणून. म्हणजे पावसात इंटरनेट गेलं तरी तास चालू राहील. मुलांसाठी व्हेयॉन. दुरून दुरुस्ती हवी तेव्हा, पण शाळेतल्या माणसाने 'स्वीकारा' म्हटल्यावरच. क्लाउडला तूर्त नमस्कार.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याच्या सातारच्या दुकानातला पोरगा तिकडून जोडायला बसला, इथे शाळेची खरेदी समिती. सर्व्हर आदल्या दिवशी व्यवस्थित चालला होता. आज सापडेना. तो तिकडून म्हणतो, तुमचं नेट बघा. सर म्हणतात, नेट आहे. मी पुतणीला फोन लावायच्या बेतात. बाई घड्याळाकडे बघतायत. इतक्यात शिपाईमामा चहा घेऊन आले. सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाले, "काय झालं?" सांगितल्यावर ते शांतपणे बाहेर गेले. व्हरांड्यात 'खट्' असा आवाज झाला आणि कोपऱ्यातला सर्व्हर घुमायला लागला.

"मेन स्विच," मामा म्हणाले. "शाळा सुटली की मी पाडतो. बावीस वर्षं पाडतोय. बिल येतंय ना बाई. त्याला रात्रीचं जागं ठेवायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. तीन विक्रेते आले, दोन महिने समिती बसली, मी १९४० पर्यंत जाऊन आलो. व्हरांड्यापर्यंत कोणी गेलं नव्हतं. तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे न बघताच आम्ही तिजोरी विकत घेत होतो.

मी तक्ता पुढे ओढला. दर, कर, मुदत सगळं भरलेलं होतं. शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा होता. 'दर वाजवी वाटतात' लिहायला हात सवयीने पुढे झाला, तो आवरला. तिथे मामांचा मोबाइल नंबर लिहिला. मग समितीच्या सह्या झाल्या. मामांचीही घेतली.